वरच्या दुधाचा डबा उघडण्याआधी लंगोट मोजा

फोन बहुतेक वेळा संध्याकाळी साडेसात ते अकराच्या मध्ये येतो. बाळ दहा-वीस दिवसांचं असतं. पलीकडून आधी रडण्याचा आवाज येतो, मग आजीचा. "सिस्टर, हिला दूधच नाही हो. चार वाजल्यापासून पोर अंगावरून उतरत नाहीये. खाली ठेवलं की किंचाळतंय. डबा आणू का?"

मी दुधाचं काही विचारतच नाही. "काल या वेळेपासून आत्तापर्यंत किती लंगोट ओले झाले?"

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "मोजले नाहीत बाई. पण दोरीवर सात-आठ वाळतायत. आणि मघाशीच दुपटं भिजवलं."

म्हणजे दूध आहे. जे पोटात गेलंच नाही ते लंगोटात कुठून येणार?

प्रसूतीच्या वॉर्डात मला चौदा वर्षं झाली. या काळात सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "दूध पुरत नाही". ही तक्रार एकदा सुटली असं होत नाही, कारण तिच्यावर जो उपाय केला जातो तोच तिला वाढवतो. संध्याकाळी बाळ रडतं. कुणीतरी म्हणतं, पोट भरत नाहीये. डबा येतो, साठ मिली पाजलं जातं आणि बाळ तीन-चार तास गाढ झोपतं. सगळ्यांना वाटतं, बघा, भुकेलंच होतं. पण तेवढ्या तासांत आईच्या अंगावरचं दूध कुणी ओढलेलं नसतं. स्तन भरलेले राहिले की शरीर समजतं, एवढ्याची गरज नाही, आणि पुढच्या वेळी कमी बनवतं. चार दिवसांनी रात्रीचीही एक बाटली सुरू होते. पंधरवड्यात दूध खरोखरच पुरेनासं होतं, आणि आजी म्हणते, मी तेव्हाच सांगत होते.

बारशाच्या दिवशी हे हमखास घडतं. सकाळपासून पाहुणे. बाळ या मांडीवरून त्या मांडीवर. आई साडी नेसून पाटावर बसलेली. दोन-तीन वेळचं पाजणं बुडतं, बाळ दमून झोपतं आणि संध्याकाळी सगळं एकदम वसूल करतं. तेराव्या दिवशी मला फोन.

लंगोटाचा हिशेब

पहिल्या दिवशी एक ओला लंगोट पुरे, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शू जवळजवळ बिनरंगाची हवी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी डाग पडले तर घाबरू नका, पण चौथ्या दिवसानंतरही पडत असतील तर दूध पोटात कमी जातंय.

डायपर घालत असाल तर ओलं-कोरडं कळत नाही. शंका असेल तेव्हा एक दिवस सरळ कापडी लंगोट बांधा. नाहीतर कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओतून तो हातात तोलून बघा, भरलेला डायपर तेवढा जड लागायला हवा. हिशेब ठेवायला वही लागत नाही. मी सांगते, ओट्यावर वाटी ठेवा आणि प्रत्येक ओल्या लंगोटाला एक शेंगदाणा टाका. एका आजींनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, "वाटीत सात आहेत, पण दोन आमच्या ह्यांनी खाल्ले." नऊ. उत्तम.

शी आधी काळी, डांबरासारखी चिकट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरवट. पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, मोहरी वाटून पातळ केल्यासारखी, मधे बारीक दाणे. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा होते, काही बाळांना प्रत्येक पाजण्यागणिक. तिला जुलाब समजून औषध देऊ नका. उलट पाचव्या दिवशीही शी काळीच असेल तर त्याच दिवशी दाखवा.

आणि वजन. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ते सात टक्क्यांपर्यंत उतरतं, तीन किलोचं बाळ दोन किलो आठशेवर येतं, यात काही बिघडलेलं नसतं. दहा टक्क्यांपर्यंत गेलं तर मात्र पाजणं नीट तपासून घ्यायला हवं. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं, पुढे दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमची भर. दवाखाना लांब असेल तर आशाताईंना विचारा. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर त्यांच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात, आणि वजनकाटा त्यांच्या पिशवीत असतो.

लंगोट आणि वजन दोन्ही ठीक असेल तर संध्याकाळचं ते अखंड पिणं ही बाळाची रीतच आहे. दिवसाच्या शेवटी दूध थोडं थोडं येतं, बाळ ते घोटाघोटाने, पुन्हा पुन्हा पितं. त्या पिण्यानेच पुढचं दूध बनतं. स्तन मऊ लागणं, दाबल्यावर धार न उडणं, पंपाने वीसच मिली निघणं, यातल्या कशावरूनही दूध कमी असल्याचं सिद्ध होत नाही. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतो जेमतेम चमचाभर चीक. तो थेंबभर दिसतो म्हणून मधाचं बोट चाटवू नका. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकते, म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. पाणीही नको, मे महिन्यात चंद्रपुरातसुद्धा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं.

पाजताना डोळ्यांत पाणी येतं

लंगोट कमी भरत असतील, किंवा पाजताना ओठ चावून बसावं लागत असेल, तर आधी पकड बघायची. इथे माझीच गोष्ट सांगते.

थोरल्याच्या वेळी मी सहा वर्षं नोकरी केलेली स्टाफ नर्स होते. शेकडो बायकांना मी पाजायला बसवलं होतं. आणि दहाव्या दिवशी माझ्या मुलाचं वजन २ किलो ९०० चं २ किलो ६०० झालेलं. निपलला चिरा. दर वेळी बाळ तोंडात घेताना मी पायाची बोटं आवळून धरायची. आई अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी असं एकामागून एक समोर ठेवत होती आणि मी रडत रडत खात होते.

आमच्या वॉर्डातल्या एक ज्येष्ठ सिस्टर घरी बघायला आल्या. बोलल्या काहीच नाहीत, समोर बसून एक पाजणं पूर्ण बघितलं. बाळाने सोडल्यावर निपलकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे काय?" निपल एका बाजूने चपटं, तिरकं झालं होतं, नव्या लिपस्टिकचं टोक असतं तसं. म्हणजे बाळ नुसतं टोक चावत होतं. दूध निपलमध्ये नसतं, ते मागून येतं. भोवतीचा काळसर भाग तोंडात गेल्याशिवाय ते ओढता येत नाही.

त्यांनी तीन गोष्टी बदलल्या. मी बाळाला मांडीवर उताणं धरत होते, म्हणजे त्याचं तोंड छताकडे आणि मान माझ्याकडे वळवलेली. तुम्ही मान वळवून पाण्याचा घोट घेऊन बघा, कसं वाटतं ते. त्यांनी त्याला पूर्ण कुशीवर केलं, त्याचं पोट माझ्या पोटाला टेकवलं. मग माझी चिमटी सोडवली. आपल्याकडे बाळाचं नाक दबू नये म्हणून दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरायची सवय असते. त्याने बाळाला मोठा घास घेताच येत नाही. अंगठा वर, चार बोटं खाली, काळ्या भागापासून लांब. आणि तिसरं म्हणजे थांबणं. निपल बाळाच्या वरच्या ओठाला लावून त्यांनी मला वाट बघायला लावली. त्याने एकदा तोंड उघडलं, त्या म्हणाल्या, "नाही." दुसऱ्यांदा उघडलं, "नाही." तिसऱ्यांदा जांभई दिल्यासारखं मोठ्ठं उघडलं, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीला हात लावून त्याला झटकन माझ्याकडे आणलं. मी वाकले नाही, बाळ माझ्याकडे आलं.

दुखलं नाही, एवढंच आधी कळलं. मग आवाज ऐकू आला. दोन-तीन ओढ्या, मधे क्षणभर थांबणं आणि गटक. दहा दिवसांत मी तो आवाज ऐकलाच नव्हता.

पकड बरोबर असली की हनुवटी स्तनात रुतलेली दिसते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, गाल फुगलेले असतात आणि काळा भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो. गालांना खळ्या पडत असतील किंवा चुटचुट आवाज येत असेल तर करंगळी ओठाच्या कोपऱ्यातून आत घालून बाळाला सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढू नका. सिझर झालेलं असेल तर टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे घेऊन. पकड नीट करूनही दुखतच राहिलं तर जिभेखालचा दोरा आखूड आहे का, ते डॉक्टरांना बघायला सांगा.

माझ्या मुलाला पुढे आठवडाभर, प्रत्येक पाजण्यानंतर हाताने काढलेलं दूध बोंडल्याने पाजलं. अठराव्या दिवशी काटा २ किलो ९०० वर आला. लाडू तोवर संपले होते. लाडवांना माझा विरोध नाही. बाळंतिणीला भूक लागते, तिने खावं. पण स्तन रिकामा होत नसेल तर अळीव काही करू शकत नाही.

छाती दगड झाली

तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दूध एकदम उतरतं, छाती दाटते, निपल ताणून सपाट होतं आणि बाळाला धरताच येत नाही. पाजण्याच्या जरा आधी कोमट पाण्याचं फडकं, मग काळ्या भागाभोवती बोटांनी हलकेच आत, छातीकडे मिनिटभर दाबून धरायचं. सूज मागे सरते, तेवढा भाग मऊ होतो आणि बाळाला पकड मिळते. पाजल्यावर गार फडकं. पंप लावून तळापर्यंत रिकामं करत बसू नका, तेवढंच पुन्हा भरतं. आराम पडण्यापुरतं काढा.

एखादा भाग लाल झाला, गरम लागला, थंडी वाजून ताप भरला तर तो स्तनदाह. गाठ फोडायची म्हणून मालिशवाल्या बाईंच्या हाती देऊ नका. जोराने रगडल्याने सूज वाढते. पाजणं चालू ठेवा, त्या बाजूनेसुद्धा, ते दूध बाळाला बाधत नाही. चोवीस तासांत उतार नसेल तर डॉक्टर, कारण उशीर झाला की गळू होतं.

गॅस, कळ, शी

डब्याखालोखाल घराघरात वाद होतो तो यावरून. बाळ लालबुंद होतं, कुंथतं, पाय पोटाशी घेतं, दहा-पंधरा मिनिटं आक्रोश करतं आणि मग मऊ शी करतं. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचा स्नायू सैल सोडायचा, हे दोन्ही एकदम त्याला अजून जमत नाही, एवढंच. काही आठवड्यांत जमतं. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून घालणं, साबणाची कांडी, हे बंद करा. आतली त्वचा सोलते, आणि बाळाला बाहेरून टोचल्याशिवाय शी न करायची सवय लागू शकते. दीड महिन्यानंतर अंगावर पिणारं बाळ चार-पाच दिवस, कधी आठवडाभर शी करत नाही. झाली की मऊ असेल, बाळ पीत असेल, पोट मऊ असेल तर वाट बघा. पहिल्या महिन्यात मात्र एवढी वाट बघायची नाही.

आईने बटाटा खाल्ला, हरभरा खाल्ला म्हणून बाळाला गॅस होत नाही. डाळींचा गॅस आईच्या आतड्यात होतो, तो दुधात उतरत नाही. शीत रक्ताचे धागे किंवा बराच शेंबूड दिसला, तर गाईच्या दुधाचं वावडं असू शकतं आणि मग आईचं दूध-दही काही दिवस बंद करून बघतात. तेही डॉक्टरांना विचारून.

शी हिरवी, फेसाळ, धारेने उडणारी, बाळ पिताना ठसकतं, पण वजन झपाट्याने वाढतंय, असं असेल तर दूध कमी नसून जास्त आहे. पाच मिनिटांत बाजू बदलू नका. एक बाजू मऊ होईपर्यंत पिऊ द्या, म्हणजे शेवटचं स्निग्ध दूध त्याला मिळेल. मागे रेलून बसून पाजलं की धारही मंदावते.

ग्राइप वॉटर १८५१ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये निघालं, आणि मूळ मिश्रणात अल्कोहोल होतं. बाळं शांत का व्हायची हे वेगळं सांगायला नको. आताच्या बाटल्यांत ते नसतं, पण पोटदुखी थांबते याला चांगला पुरावाही नाही. गुटीवरून माझं आईशी दोन दिवस बोलणं बंद होतं. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हिरडा, सगळं तिने जपून आणलेलं. सहाणेवर किती वेढे उगाळले यावर मात्रा ठरते, सहाण कुठे ठेवली होती यावर जंतू ठरतात, आणि वेखंड-जायफळ जास्त झालं तर बाळ गुंगतं किंवा ओकतं. शेवटी गुटीची डबी देवघरात ठेवली. हळकुंड पुढे लोणच्यात गेलं. बेंबीभोवती हिंग लावायचं तिचं मी चालू दिलं, नाळ पडून बेंबी कोरडी झाल्यावर. त्याआधी बेंबीला काहीही नाही.

संध्याकाळचं ते ठरावीक वेळचं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप जातं. तोवर खांद्यावर उभं धरणं, हातावर पालथं घेऊन फिरणं, उघड्या छातीशी लावणं, अंधारी खोली. दमलात तर बाळ दुसऱ्याच्या हातात द्या आणि अंगणात जाऊन या.

पाजल्यावर ढेकर काढायला दहा मिनिटं उभं धरा. नाही आला तर नाही, तासभर पाठ थोपटू नका. तोंडाच्या कडेने दह्यासारखी गुळणी येते ती फक्त कपडे धुण्याची कटकट आहे. झोपवायचं मात्र उताणंच.

इथे घरगुती काही नाही

हिरवी उलटी झाली तर त्याच तासात दवाखाना, आतड्याला पीळ असू शकतो. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात प्रत्येक पाजण्यानंतर लांब फेकली जाणारी उलटी आणि वजन उतरणं, तेव्हाही. पोट फुगून टणक झालं, बाळ पिईनासं झालं, उठवूनही उठत नाही, अंग गार पडलंय किंवा ताप १००.४ फॅरनहाइट आहे, तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन लावा. कावीळ पहिल्या चोवीस तासांत दिसली, किंवा तळहात-तळपायापर्यंत उतरली, तर कोवळ्या उन्हात धरून भागत नाही, रक्त तपासावं लागतं. आणि शी पांढरट, मातकट दिसली तर तीच लंगोट पिशवीत घालून घेऊन जा. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झालेली बरी, नंतर यकृत वाचवणं अवघड होतं.

डबा आधीच सुरू झालाय

काही बायकांना दूध खरंच कमी असतं. थायरॉइड, बाळंतपणात फार रक्त जाणं, वारेचा तुकडा आत राहणं, स्तनावरची शस्त्रक्रिया. लंगोट भरत नाहीत, वजन उतरतंय, तर वरचं दूध द्यायलाच हवं, बाळाला उपाशी ठेवून कसलंही व्रत पाळू नये. तेव्हा डब्यावरच्या मापाने द्या, पुरवायचं म्हणून पातळ करू नका. गाईचं दूध पाणी घालून तर नाहीच. (डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र दिसणार नाही. १९९२ च्या कायद्याने ते चित्र छापायला आणि डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे.) बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर मातृदुग्धपेढी आहे का, हे विचारा. आशियातली पहिली पेढी १९८९ मध्ये आपल्याच सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली.

दूध कमी नव्हतं, भीतीने डबा सुरू झाला, असं असेल तर परत फिरता येतं. एकदम बंद करायचं नाही. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंनी पाजा, मग वरचं, आणि ते बाटलीने नको, वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटलीतून दूध आपोआप ओघळतं, बाळ ओढायचं विसरतं. त्यानंतर पाच-दहा मिनिटं हाताने दूध काढा, चमचाभर निघालं तरी चालेल, पुढच्या वेळी वरच्या दुधाऐवजी तेच द्या. दिवसभरात आठ ते बारा पाजण्या, रात्रीची एकही बुडवू नका, कारण दूध बनवणारं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, रात्री जास्त असतं. दर दोन-तीन दिवसांनी वरचं दूध दहा-पंधरा मिलीने कमी करा, सकाळच्या पाजण्यापासून सुरुवात करा, तेव्हा अंगावर सगळ्यात जास्त असतं. संध्याकाळचं शेवटी काढा. वाटीत रोज सहा शेंगदाणे जमतायत आणि आठवड्याला वजन दीडशे ग्रॅमच्या वर वाढतंय, तोवर पुढे जा. कमी भरले तर एक पायरी मागे या, दोन दिवस तिथेच थांबा आणि पुन्हा दहा मिली काढा.